आमदारांची सीट

एसटीच्या जुन्या लाल डब्यात काही सीटांच्या वर अक्षरं रंगवलेली असायची. महिला, अपंग, पत्रकार, आणि त्यातच एक 'आमदार'. लहानपणी गावाला जाताना मी मुद्दाम त्या आमदारांच्या सीटवर बसायचो. खिडकी मिळायची आणि कंडक्टर कधी उठवायचा नाही, कारण आमदार कशाला येतोय एसटीत! पुढे कॉलेजात हा किस्सा मित्रांना सांगितला की सगळे हसायचे. फक्त आमच्या घरी हा जोक कधी चालला नाही. आमचं गाव सांगोला तालुक्यात, आणि आमच्या तालुक्याचा आमदार खरोखरच एसटीने प्रवास करायचा.

भाई गणपतराव देशमुख. तालुक्यासाठी आबासाहेब. ३० जुलै २०२१ ला ते गेले, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी. तेव्हापासून दर काही महिन्यांनी त्यांच्यावरचा एक मेसेज माझ्या फोनवर येतो. कॉलेजचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, कुठूनही येतो. 'अकरा वेळा आमदार, तरी एसटीने प्रवास. असा नेता पुन्हा होणे नाही.' खाली हात जोडलेले. मग सगळे आणखी हात जोडतात. मीही जोडतो. दोन मिनिटांनी त्याच ग्रुपवर नव्या एसयूव्हीचे फोटो येतात. त्यांनाही आपण अंगठा देतो :)

मागच्या महिन्यात असाच एक मेसेज मी तात्यांना (म्हणजे माझ्या काकांना) पुढे पाठवला. म्हटलं, खूश होतील. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आरं, ते यष्टीचं काय कवतिक लावलंय? आमी बी यष्टीनंच जातो की. आमचा फोटू टाक मग."

हसलो. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. तात्यांचं म्हणणं बरोबर होतं. सांगोल्यातली निम्मी माणसं एसटीने जातात. तो काही कुणाचा गुण नाही, ती सोय आहे. मग आबासाहेबांचं कौतुक आपण नक्की कशाचं करतो? आणि ज्याचं करायला हवं, ते आपल्याला माहीत तरी आहे का?

आज त्यावरच लिहितोय. थोडं लांबेल, शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आकडे

आकड्यांशिवाय आमच्यासारख्यांना करमत नाही. गणपतराव पहिल्यांदा निवडून आले १९६२ साली. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यानंतर १९७२ आणि १९९५ या दोन निवडणुका ते हरले. १९७४ ची पोटनिवडणूक धरून एकूण अकरा विजय, सगळे सांगोल्यातून, सगळे शेतकरी कामगार पक्षाकडून. शेवटचा २०१४ साली. १९९५ चा पराभव किती मतांनी होता माहिती आहे? १९२. आमच्या सोसायटीच्या दोन विंगा एकत्र केल्या तर याहून जास्त मतं भरतील.

मेसेजांत हा 'देशातला विक्रम' म्हणून येतो. तो तसा नाही. केरळात पालाचे के. एम. मणी आणि पुथुपल्लीचे ओमन चंडी आपापल्या एकाच मतदारसंघातून याहून जास्त वेळा निवडून आले. एवढ्यावरून आबासाहेब लहान होत नाहीत. पण ज्या माणसाच्या खरेपणाचं आपण कौतुक करतो, त्याच्याबद्दल तरी खोटं पसरवू नये.

आणि मला विचाराल तर अकरा हा आकडा महत्त्वाचा नाहीच. महत्त्वाचं आहे ते पक्षाचं नाव. शेकाप स्थापन झाला १९४७ साली, काँग्रेसमधल्या अस्वस्थ मंडळींतून. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही त्यातली मोठी नावं. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत हे मोठे नेतेच काँग्रेसमध्ये परतले. म्हणजे गणपतराव पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा त्यांच्या पक्षातून बाहेर जायचा रस्ता चांगला मळलेला होता. पलीकडे सत्ता होती, कारखाने होते, मंत्रिपदं होती. ते गेले नाहीत. काही काळ विरोधी पक्षनेते होते. दोनदा मंत्रीही झाले, १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात, पण शेकापचे म्हणूनच. बाकी सगळी वर्षं विरोधी बाकांवर. पक्ष आक्रसत आक्रसत रायगड, सांगोला आणि इकडेतिकडे एवढाच उरला, तरी ते तिथेच.

आमच्या धंद्यात तीन वर्षं एका कंपनीत काढली की मित्र काळजीने विचारतात, "सगळं ठीक ना?" त्यामुळे सत्तर वर्षं एका पक्षात ही गोष्ट आपल्याला नीट कळतच नाही. आपण तिला 'निष्ठा' म्हणून हात जोडतो आणि मोकळे होतो.

आमदार नेमकं करतो काय?

हा प्रश्न मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर टाकला. सहाजण होतो, सगळे इंजिनिअर. उत्तरं आली: रस्ते करतो, उद्घाटनं करतो, फ्लेक्स लावतो, पैसे खातो. 'कायदे करतो' असं एकालाही सुचलं नाही. मीही धरून.

यात आपली एकट्याची चूक नाही. आमदार सकाळी घराच्या ओसरीवर बसलेला असतो तेव्हा त्याच्यासमोर काय येतं? डीपी जळालाय, आठ दिवस लाइट नाही. पोराला हॉस्टेलला जागा मिळवून द्या. पोलीस तक्रार घेत नाहीत. बदली करा, बदली थांबवा. सातबाऱ्यावर नाव चुकलंय. दुपारी दोन लग्नं, एक दहावा, एक जत्रा. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी सांत्वनाला. आपण शहरातले लोक याला हसतो. "आमदाराने लग्नं अटेंड करायची का?" पण मी गावात हे पाहिलंय. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याच्यासाठी आमदार हा सरकारचा एकमेव माणसासारखा दिसणारा भाग असतो. दहाव्याला आलेला आमदार म्हणजे 'उद्या तुझं काम घेऊन ये, मी ओळखतो तुला' एवढा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्यासाठी अॅप आहे, ओळखीचा वकील आहे, इंग्रजीत मेल लिहिता येते. आपल्याला ओसरी लागत नाही, म्हणून ती फालतू ठरत नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, ओसरीवरचं काम म्हणजे सपोर्ट तिकीट. एक बंद केलं की दुसरं उघडतं. आज एकाचा डीपी बदलला, उद्या शेजारच्या गावचा जळणार. मूळ दुखणं जिथलं तिथेच. जो आमदार फक्त तिकिटं सोडवतो त्याला ती संपायला नकोच असतात, कारण लोकांनी रांगेत उभं राहणं हीच त्याची ताकद असते. मूळ दुखण्यावर इलाज करायची जागा दुसरी आहे. ती मुंबईत आणि हिवाळ्यात नागपुरात. तिथे तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी सूचना आहेत, अर्ध्या तासाची चर्चा आहे, अर्थसंकल्पावर कपात सूचना आहेत, एकट्या आमदाराला स्वतःचं अशासकीय विधेयक मांडायची सोय आहे. विरोधी बाकावरच्या आमदाराकडे निधी कमी असेल, पण ही हत्यारं सगळी असतात. ती चालवायला फक्त अभ्यास लागतो आणि सभागृहात बसून राहावं लागतं. गणपतराव शिक्षणाने वकील. त्यांची विधिमंडळातली ख्याती होती ती या बसून राहण्याची आणि वाचून बोलण्याची. तिचा मेसेज कुणी पाठवत नाही, कारण बाकावर बसून विधेयक वाचणाऱ्या माणसाचा फोटो कोण बघणार?

तुमची पगाराची स्लिप काढा

खरंच काढा. वजावटीच्या रकान्यात पीएफच्या जवळपास एक ओळ दिसेल, प्रोफेशन टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. मी कामाला लागलो तेव्हापासून ती ओळ बघतोय आणि इतकी किरकोळ रक्कम कशासाठी कापतात हे कधी विचारलं नाही. कॅन्टीनच्या बिलापेक्षा कमी.

तर हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ साली कायदा करून आणला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळाने राज्य होरपळून निघालं होतं. सांगली-सोलापूरकडे माणसं खडी फोडायला रस्त्यावर होती. माझी आजी त्यातली एक. ती सुकडीची चव सांगायची तेव्हा आम्ही पोरं तोंड वाकडं करायचो. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांनी तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास छोट्या प्रमाणावर एक प्रयोग केला होता: काम मागणाऱ्याला काम द्यायचं. दुष्काळात तो राज्यभर पसरला. डाव्या पक्षांनी, शेकापसकट, मोर्चे काढून त्यासाठी रेटा लावला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. संसदेने देशभरासाठी तसाच कायदा करायला २००५ साल उजाडलं.

यातली गंमत लक्षात घ्या. कायदा होण्याआधी काम हवं असेल तर कुणाच्या तरी ओसरीवर जावं लागायचं. कायदा झाल्यावर काम हा हक्क झाला, चिठ्ठी नको, हात जोडणं नको. (प्रत्यक्षात हजेरीपटाचे घोटाळे झाले, मजुरी थकली, हे सगळं झालंच. तरी हक्क तो हक्क.) म्हणजे चांगल्या कायद्याने आमदाराचीच गरज कमी केली. माझ्या मते चांगला आमदार ओळखायची हीच खूण आहे: त्याच्या कामामुळे ओसरीवरची रांग कमी झाली की वाढली?

आणि ही गोष्ट पुढे आमच्या शेतापर्यंत येते. १९९० पासून रोजगार हमीतूनच फळबाग लागवडीची योजना सुरू झाली. खड्डे खणायला, रोपं लावायला, जगवायला मदत. सांगोल्याची जमीन हलकी, माळरान, पाऊस म्हणजे आला तर आला. ज्वारी-बाजरीचंही खरं नाही. त्या माळावर बोर आणि डाळिंब तगलं. सांगोल्याचं डाळिंब इतकं मोठं झालं की डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून थेट बंगालमधल्या शालिमारला सोडली गेली. माझं इंजिनिअरिंगचं चार वर्षांचं शिक्षण तात्यांच्या दीड एकर डाळिंबावर झालंय. म्हणजे कुठल्या तरी जुन्या पुणेकर-मुंबईकर नोकरदाराच्या पगारातल्या किरकोळ वजावटीतून आमच्या माळावर खड्डे खणले गेले, आणि त्या खड्ड्यांतून मी हिंजवडीत आलो. आता माझ्या स्लिपवर तीच ओळ आहे. हे कळलं त्या दिवशी मी ती स्लिप बराच वेळ बघत बसलो होतो.

आता दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून वाटेल की मी आरती करतोय. नाही.

पहिली गोष्ट, पाणी. गणपतराव आमदार झाले तेव्हा सांगोला दुष्काळी होता, आणि त्यांनी शेवटची निवडणूक जिंकली तेव्हाही दुष्काळी तालुक्यांच्या यादीत होता. २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरांच्या छावण्या होत्या, मी स्वतः पाहिल्यात. पन्नास वर्षं एकच आमदार आणि तरी छावणी, हे कुणी विचारलं तर त्याला गप्प बसवता येणार नाही.

पण उत्तरही ऐकून घ्यावं. कृष्णेचं पाणी खाली वाहतं आणि आमचा माळ वर आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातून पाणी टप्प्याटप्प्याने पंपाने उचलत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्याकडे आणायचं, ही योजनाच मुळात अफाट खर्चाची. ती कागदावरून जमिनीवर यावी म्हणून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून सांगली-सातारा-सोलापुरातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली. आटपाडीला दरवर्षी माणसं गोळा व्हायची. गणपतराव त्या लढ्याच्या पुढच्या फळीत होते. मागणी साधी होती: नदीचं पाणी नदीकाठच्यांचंच नाही, समन्यायी वाटा. कॅनॉलला पाणी आलं ते त्यातल्या कित्येकांच्या हयातीनंतर. म्हणजे आमदार एकटा पाणी आणू शकत नाही. 'मी आणलं' असं जो फ्लेक्सवर लिहितो, तो खोटं बोलतो. तो फक्त मागणी मरू देत नाही, एवढंच त्याच्या हातात. हे उत्तर मला पटतं. पण ज्याची बाग त्या तीस वर्षांत वाळली, त्याला का पटावं?

दुसरी गोष्ट, वारसा. २०१९ साली वयामुळे आबासाहेब उभे राहिले नाहीत. तिकीट नातवाला, डॉ. अनिकेत देशमुखांना. ७६८ मतांनी हरले. १९९५ साली ज्यांनी आबासाहेबांना हरवलं होतं ते शहाजीबापू पाटीलच शिवसेनेकडून जिंकले. हो, तेच ते, जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून 'काय झाडी, काय डोंगार' म्हणणारे. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच निवडून आले. ते कसं काम करतात ते पुढे दिसेल, त्यांच्याबद्दल आज काही म्हणायचं नाही. पण ज्या पक्षाने सत्तर वर्षं घराणेशाहीवर भाषणं केली, त्याला तालुक्यात पुढचा माणूस त्याच घरात सापडला, हे टोचतं. पन्नास वर्षांत सूतगिरण्या उभ्या राहिल्या, बायकांची वेगळी सूतगिरणी उभी राहिली. त्यासोबत दुसरा चेहरा का उभा राहिला नाही? आमच्याकडे एखाद्या सिस्टिमची सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर आम्ही त्याला हिरो म्हणतो आणि तो सुट्टीवर गेला की रडतो. दोष त्या माणसाचा असतोच, पण त्याच्यावर सगळं सोपवून निवांत झोपणाऱ्यांचा जास्त असतो.

तात्यांनी २०१९ ला कुणाला मत दिलं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण त्यांनी स्वतःच ओट्यावर बसून सांगितलं. "आबासाहेब असते तर डोळं झाकून टाकलं असतं. आज्यानं टाकलं, बापानं टाकलं, मी बी टाकलं. पर नातवाला कशापायी? मत काय सातबारा हाय व्हय, वारसानं लागायला?" घरातली चार मतं तिकडे गेली. तीन वर्षांनी टीव्हीवर गुवाहाटी लागली तेव्हा त्यांनी रिमोट घेऊन चॅनल बदललं, बोलले काही नाहीत. २०२४ चं मी विचारलं तर म्हणाले, "गुप्त मतदान असतंय. शिकलेला हायस ना?"

माझं मत

आता माझ्यावर येतो. इतका वेळ टाळत होतो.

माझं नाव मतदारयादीत गावच्या शाळेतल्या बूथवर आहे. २१ ऑक्टोबर २०१९ ला सोमवार होता. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि मित्रांचा कोकणात जायचा प्लॅन ठरला. पहिल्या पगाराची मस्ती होती. फोनवर आईला सांगितलं, "एका मताने काय फरक पडतोय?" निकालाच्या दिवशी ७६८ हा आकडा वाचला. माझ्या एका मताने तो ७६७ किंवा ७६९ झाला असता, हे गणित मलाही येतं. पण आमच्या तालुक्यातून पुण्या-मुंबईला गेलेली, यादीत नाव असलेली आणि त्या दिवशी कुठेतरी बीचवर किंवा अंथरुणात असलेली माझ्यासारखी पोरं ७६८ पेक्षा नक्कीच जास्त असणार. निकाल फिरला असता असं मी म्हणत नाही, तात्यांसारखी आणखी चार घरं निघाली असती तर उलटाच फरक वाढला असता. पण तो निकाल आमच्यातल्या हजर असलेल्यांनी लावला आणि मी त्यात नव्हतो. वर तोंड करून 'असा नेता पुन्हा होणे नाही' हा मेसेज पुढे पाठवायला मात्र मी हजर.

२०२४ ला २० नोव्हेंबरला बुधवारी रजा टाकून गेलो. पाच तास जाणं, पाच तास येणं. शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभा राहिलो, शाई लावून घेतली, फार भारी वाटलं. संध्याकाळी परत निघताना तात्या एसटी स्टँडवर सोडायला आले. मोटारसायकल लावता लावता म्हणाले, "आलास, बरं वाटलं. पर खरं सांगू का? तू हितं राहत न्हाईस. हितल्या कॅनॉलला पाणी आलं का गेलं, तुला फोनवर कळतंय. जितलं पाणी पितोस तितं मत टाक की."

मला राग आला. इतक्या लांबून आलो ते कशाला? पण एसटीत बसल्यावर (सीटवर आता 'आमदार' लिहिलेलं दिसलं नाही, बस नवी होती) विचार करत गेलो. पुण्यात मी जिथलं पाणी पितो ते टँकरचं. आमच्या सोसायटीला मार्चपासून रोज टँकर लागतात, मेंटेनन्स दरवर्षी वाढतो, आणि ग्रुपवर आम्ही टँकरवाल्याला, बिल्डरला, सेक्रेटरीला शिव्या देतो. अडीचशे फ्लॅट. त्यातल्या कितीजणांची नावं इथल्या यादीत आहेत? मी आमच्या मजल्यावर विचारलं. चार फ्लॅटमध्ये मिळून एक. बाकी लातूर, जळगाव, नागपूर आणि मी सांगोला. आणि माझ्या इथल्या आमदाराचं नाव मला त्या दिवशी माहीत नव्हतं. त्याने सभागृहात पाण्यावर एक तरी प्रश्न विचारला का, हे तर सोडाच. त्याने का विचारावा? टँकरची रांग त्याला दिसते, मतदारांची दिसत नाही.

गावाकडचं मत ठेवण्यात माझा एक सुप्त स्वार्थ होता हेही कबूल करतो. तिथे मत देणं म्हणजे सणाला जाण्यासारखं आहे. शाई लावायची, भाकरी खायची, परत यायचं. पुढची पाच वर्षं कुणाला काही विचारायला नको, कारण मी तिथे नाही. आणि इथेही विचारायला नको, कारण माझं मत इथे नाही. दोन्हीकडून सुट्टी!

तर मी फॉर्म ८ भरलाय. पत्ता बदलून मतदारसंघ बदलायचा असेल तर तो भरायचा असतो, ऑनलाइन होतो, दहा मिनिटं लागली. सबमिट दाबताना मात्र पोटात तुटलं. ज्या तालुक्यात १९२ आणि ७६८ मतांनी आमदार ठरतात, तिथलं मत सोडून मी अशा ठिकाणी चाललोय जिथे माझ्या मताची कुणाला गरज वाटत नाही. आज्याने ज्या खुणेवर आयुष्यभर शिक्का मारला, ती खूण मला इथल्या यंत्रावर बहुतेक दिसणारही नाही. आईला सांगितलं तर ती फक्त म्हणाली, "म्हंजे आता मतदानाला बी येनार न्हाईस?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण आबासाहेबांकडून काही घ्यायचंच असेल तर मला वाटतं ते हे घ्यावं. एसटी नाही. एक जागा धरून तिथे हजर राहणं. पन्नास वर्षं एका माळाची मागणी मरू न देणं हे काही त्यांच्या एकट्याचं काम नव्हतं. तालुक्यातली माणसं तेवढीच वर्षं दर निवडणुकीला, दर पाणी परिषदेला, दर ओसरीवर हजर होती. दोनदा त्यांनी त्यांना हरवूनही दाखवलं. असा आमदार आभाळातून पडत नाही, त्याला तसे मतदार लागतात. 'असा नेता पुन्हा होणे नाही' म्हणणारे आपण, आपल्या मतदारसंघात तसे मतदार आहोत का?

माझ्यापुरती यादी केलीय, छोटीच. एक, आमदाराचं नाव पाठ (झालं). दोन, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाचे वृत्तांत असतात, मागच्या अधिवेशनात त्याने काय विचारलं ते शोधायचं (चालू आहे, वेळखाऊ आहे, पण प्रॉडक्शनचे लॉग वाचण्यापेक्षा बरं). तीन, सोसायटीतल्या ज्यांची नावं इथे नाहीत त्यांना रविवारी क्लबहाऊसमध्ये बोलावून फॉर्म भरून घ्यायचे. चहा माझ्याकडून. मागच्या रविवारी पाचजण आले. अडीचशे फ्लॅटांतून पाच. असो. त्यातले तिघे चहासाठी आले होते, पण फॉर्म पाचांनीही भरला.

तात्यांना फोन करून सांगितलं की मत हलवलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं केलंस. आता तितल्या आमदाराला यष्टीनं जातोस का म्हनून इचारू नगंस. पानी कवा देतोस ते इचार."